उत्तरेकडची जागा

मार्लकोट, वरची आळी
२ ऑगस्ट १९७८

अमोस,

माझं घर आणि तुझं घर यांच्यामध्ये एक ओढा, एक पूल आणि तुझा कोबीचा वाफा. एवढ्या अंतरासाठी मी तिकीट घ्यायला गेलो तर पोस्टातली डॉरीन पोट धरून हसली. म्हणाली, "पेगलरसाहेब, दगडाला बांधून खिडकीतून भिरकावलंत तरी पोचेल की हो!"

मी म्हटलं, "दगडाला उत्तर येत नाही, बाई."

"आणि तुमच्या भावाकडून येतं होय?"

तेव्हा उत्तराची आशा न धरता लिहितो आहे.

संध्याकाळी खिडकीत बसलो की ओढ्यावरचं धुकं हळूहळू वर सरकताना दिसतं. आधी पूल बुडतो, मग तुझं कुंपण, मग तुझ्या धुराड्याचं टोकच काय ते उरतं. अशा वेळी मला शाळेतली ती मेंढ्या घरी परतण्याची कविता हटकून आठवते. मिस पिनॉक डोळे मिटून म्हणायच्या, आणि तू बाकाखालून माझ्या पोटरीला चिमटे काढायचास. शाळेच्या दारातलं एल्मचं झाड गेल्या महिन्यात तोडलं. गावात आता एकही एल्म उरलं नाही. साथच अशी आली आहे झाडांवर. करवत चालली तेव्हा मी घराची दारं लावून घेतली.

आता कामाचं. आपल्या चर्चचे नवे पाद्री मिस्टर लॅन्यन यांना तू लाल मोटारीतून जाताना पाहिलं असशील. पोरगेलेसे आहेत आणि चार गावं एकट्यानं सांभाळतात. त्यांनी परवा प्रार्थनेनंतर सांगितलं, की या सप्टेंबरात मिठीच्या रविवारी चर्चभोवती हातात हात धरून होणारी माणसांची साखळी पूर्ण झाली नाही, तर पुढच्या वर्षीपासून मिठी बंद. चारही गावांची मिळून एकच प्रार्थना व्हायची, तीही स्टोकलीला. तिथे मोटारी उभ्या करायला जागा आहे.

त्यांचा राग नाही रे येत मला. ते म्हणाले, "मिस्टर पेगलर, गेल्या वर्षी मी डोळ्यांनी पाहिलं. मिसेस टफलींचा खांदा निखळायचा बाकी होता. तुम्ही तिला मिठी म्हणता, मला ती रस्सीखेच वाटली." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

तुला आठवतं ना, आपल्या लहानपणी साखळी एकेरी मावायची नाही? पोरांची आत एक, थोरांची बाहेर एक. गिरणीवाले, स्टेशनवाले, शेतावरचे गडी, सगळे हात धुऊन यायचे, कारण कुणाचा हात कुणाच्या हातात येईल सांगता यायचं नाही. मग चर्चकडे तोंड करून तीनदा पुढे, तीनदा मागे. भिंतीला छाती टेकली की दगडाचा गारवा सदऱ्यातून आत यायचा. गिरणी गेली, रेल्वे गेली, मी जिथे तिकिटं विकली त्या स्टेशनात आता कोंबड्या आहेत. शाळेला कुलूप लागलं तशी पोरंबाळं असलेली घरंही उठली. एवढं सगळं गेलं ते मी मुकाट्यानं पाहिलं. हे जाऊ नये, एवढंच वाटतं.

मला तुझे दोन हात हवेत, अमोस. उत्तरेच्या बाजूला, आपल्या बापाच्या जागेवर, माझ्या शेजारी. बाकी काही बोलायला नको.

माझा गुडघा ठणठणीत आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

हर्बर्ट


मार्लकोट
१४ ऑगस्ट १९७८

अमोस,

उत्तर आलं नाही. पण पत्र चुलीत गेलेलं नाही, हे मला समजलं. डॉरीन म्हणाली, "कोबीला पाणी घालता घालता दोनदा वाचलं त्यांनी. झारी रिकामी झाली तरी धरूनच उभे होते." टपाल खात्याची बाई अशी चहाडखोर असू नये, पण या वयात मला बातमी देणारं दुसरं आहे कोण?

'बाकी काही बोलायला नको' असं मी लिहिलं खरं, पण ते जमणार नाही असं दिसतं. मग बोलूनच टाकू.

अकरा वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. कारण गावाला ठाऊक आहे. तुझी केझाया त्या वर्षी वसंतात गेली. तिच्याशी लग्न करून तू ज्या वेगळ्या पंथात गेलास, त्या चॅपेलला स्वतःची दफनभूमी नाही, त्यामुळे ओढ्यापलीकडच्या चॅपेलवाल्यांना शेवटी चर्चच्याच आवारात यावं लागतं. जन्मभर आमच्या फाटकासमोरून नाक वर करून जायचं आणि अखेर पाय आमच्याकडे, असं आपला बाप म्हणायचा आणि तुझ्या सासऱ्याला चिडवायचा. तिला जागा मिळाली उत्तरेला, भिंतीलगत, आपल्या लोकांजवळ. सप्टेंबरात मिठीचा रविवार आला. साखळी नेहमीच्या रेषेवर उभी राहिली, आणि ती रेषा केझायाच्या मातीवरून गेली. त्या दिवशी तिथे मी उभा होतो. तू गल्लीतून पाहिलंस आणि निघून गेलास.

आता माझं ऐक. त्या रेषेखाली आपला बाप आहे, आजी आहे, आणि दगडावरची नावं पुसून गेलेली कितीतरी माणसं आहेत. मी दर वर्षी बापावर उभा राहतो. कुणाला त्यात अपमान वाटत नाही. उलट उत्तरेच्या थंड बाजूला पडलेली ही माणसं वर्षातून एकदा साखळीत येतात, अशीच आमची समजूत आहे. ते खाली, आम्ही वर, आणि हातात हात. केझायाला आम्ही आपल्यात घेतलं, तिला तुडवलं नाही. इतकी साधी गोष्ट तुझ्या चॅपेलवाल्या डोक्यात का शिरू नये?

लढाईच्या सालची मिठी आठवते का? आपण दोघेही फौजेत होतो, खरं म्हणजे आठवण आपली नाहीच, आईनं सांगितलेली. पुरुष कोणी नव्हते. साखळी कशी व्हायची? तेव्हा बॉम्बच्या भीतीनं लंडनहून पाठवलेली पोरं घराघरांत होती. त्यातल्या अर्ध्यांना चर्च म्हणजे काय माहीत नव्हतं. आई म्हणायची, एका पोरानं विचारलं, "बाई, हे देऊळ पळून जाणार आहे का, म्हणून धरताय?" तरी साखळी पूर्ण झाली. बॉम्बच्या दिवसांतही ती तुटली नाही, आणि आता मोटारी लावायला जागा नाही म्हणून तुटावी?

मी रोज संध्याकाळी पुलापर्यंत फिरायला येतो. पुलाचा कठडा बसायला बरा आहे. तिथून परत फिरतो.

हर्बर्ट


पलीकडची आळी
२१ ऑगस्ट

हर्बर्ट,

पत्रं बंद कर. डॉरीन कुंपणापाशी उभी राहून माझं तोंड बघते.

तू अर्धं पान झाडांवर आणि धुक्यावर घालवतोस आणि मग कामाचं लिहितोस. मी ते अर्धं पान सोडून वाचतो.

बाप चर्चचा होता. त्याच्यावर उभा राहा नाहीतर नाच. माझं काही म्हणणं नाही.

केझायाची गोष्ट वेगळी. लहानपणी त्या रविवारी चॅपेलची पोरं तुमच्या आवाराच्या भिंतीवर बसायची. आलुबुखार खायची आणि बिया तुमच्या टोप्यांवर नेम धरून मारायची. ती मारायची नाही. नुसती बघायची. लग्न झाल्यावर वरच्या खिडकीतून बघायची. एकदा मी विचारलं, जायचंय का तुला तिकडे? म्हणाली, बोलावलं असतं तर गेले असते.

कुणी बोलावलं नाही. तिच्या उभ्या जन्मात नाही. तू दर नाताळात आमच्याकडे येऊन तिच्या हातचं बदक खायचास, बोटं चाटायचास. तूही नाही. आणि मेल्यावर सगळे येऊन तिच्या छातीवर उभे राहिलात आणि म्हणता, आपल्यात घेतलं.

म्हणून.

अमोस


मार्लकोट
१ सप्टेंबर १९७८

अमोस,

तुझं पत्र पोचलं. उत्तर लिहायला कितीदा बसलो आणि कितीदा उठलो. माझ्याजवळ सगळ्या प्रसंगांना पुरतील इतक्या कविता पाठ आहेत, असा माझा समज होता.

भिंतीवरची पोरं मला आठवतात. टोपीवर बसलेली बीसुद्धा आठवते. न मारणारी मुलगी मात्र आठवत नाही. खूप डोळे मिटून पाहिलं.

मग परवा काठी घेऊन चर्चच्या आवारात गेलो. (हो, काठी घेतो. गुडघ्याचं खोटं लिहिलं होतं.) उत्तरेला ऊन नव्हतंच. भिंतीला आधार देणारा दगडी खांब जिथे पुढे आला आहे, त्याच्या शेजारी केझाया आहे. साखळीची रेषा आणि तिची कबर एकाच दिशेनं जातात, तिच्या डोक्यापासून पायापर्यंत. आत सरकावं तर खांब आडवा येतो. बाहेरून वळसा घालावा तर आधीच माणसं कमी. म्हणजे तिच्यावर उभं राहायचं, नाहीतर तेवढी जागा मोकळी सोडायची. तिसरा मार्ग नाही.

बुधवारी मिठीची बैठक होती. मिसेस टफलींच्या स्वयंपाकघरात, बैठकीच्या दुसऱ्या कुठल्याही जागेत आता चूल पेटत नाही म्हणून. मी म्हटलं, "उत्तरेला एक जागा सोडायची. तिथे कुणी उभं राहायचं नाही."

मिसेस टफलींच्या हातात किटली होती, ती तशीच राहिली. "सोडायची म्हणजे? मग साखळी तिथे तुटणार."

"तुटू दे."

"हर्बर्ट, डोकं ठिकाणावर आहे ना? गेला महिनाभर दारोदार फिरून तूच माणसं जमवतो आहेस. त्या लंडनहून सुट्टीपुरत्या येणाऱ्या बिऱ्हाडांकडेसुद्धा गेलास. त्यांच्या कुत्र्यानं तुझी पॅन्ट फाडली!"

"पॅन्ट जुनी होती."

पाद्रीसाहेब वहीत काहीतरी काढत होते. ते म्हणाले, "सोपं आहे. तिथे दोर धरू या. दोन्हीकडचे दोर धरतील. साखळी पूर्ण."

यावर मात्र मी आणि मिसेस टफली एकदम ओरडलो, "दोर नाही!" डॉरीन बिस्किटं खात होती, तिला ठसका लागला. "पाद्रीबाबा," ती म्हणाली, "तुमच्या आईला तुम्ही दोरानं मिठी मारता का?" बिचाऱ्यांनी वही मिटली.

शेवटी मिसेस टफलींनी विचारलं, "कुणासाठी सोडायची जागा?" मी सांगितलं. तुझ्या पत्रातलं जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. त्या बराच वेळ चहा ढवळत बसल्या, साखर न घालताच. मग म्हणाल्या, "मी होते की तिच्या वर्गात. शिवणकामाला शेजारी बसायचो. आमच्या कुणाच्या मनातच आलं नाही रे, की तिला यायचं असेल. चॅपेलच्या मुलीला कशाला यायचं असेल!"

तर असं ठरलं. आता ही मिठी बहुधा शेवटची. पाद्रीसाहेबांना वरिष्ठांना कळवावं लागेल की साखळी पुरी झाली नाही, आणि ते खोटं लिहिणारे नाहीत. मला झोप येत नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण तुला जमणार असेल तरच ये, असं अर्धवट लिहून मी पुन्हा तीच चूक करणार नाही. तेव्हा सरळ लिहितो.

अमोस, मिठीच्या रविवारी तू ये. तुला बोलावलं आहे.

नाही आलास, तरी तिच्यावर कुणी उभं राहणार नाही.

हर्बर्ट


मार्लकोट
१८ सप्टेंबर १९७८, सोमवार

अमोस,

काल जे झालं ते तुला सांगायची काय गरज, तू तिथेच होतास, असं तू म्हणशील. पण तुझी पाठ होती आमच्याकडे. तुला काही दिसलेलं नाही. म्हणून लिहितो.

सकाळपासून आभाळ कसं होतं ते लिहीत नाही. तू तेवढं सोडून वाचतोस.

माणसं आली. मला वाटलं होतं त्याहून जास्त आली. डॉरीननं टपाल वाटता वाटता घरोघरी दम भरला होता, असं नंतर कळलं. लंडनवाले आले, कुत्र्यासकट. ते गृहस्थ एका हातात पट्टा धरून दुसरा हात पुढे करत होते. मिसेस टफली म्हणाल्या, "दोन्ही हात लागतील, महाराज. कुत्र्याला खांबाला बांधा, नाहीतर त्यालाच साखळीत घ्या." दक्षिणेची बाजू भरली, बुरुजाची बाजू भरली, पूर्वेलाही हाताला हात लागले. सगळीकडून 'झालं, झालं' अशा हाका येत होत्या. राहिली आपली बाजू.

खांबापाशी एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला मिसेस टफली, आणि आमच्यामध्ये केझाया. दोघांनी हात लांब केले. मला वाटलं होतं, दोन हात दोन्हीकडून आले की बोटं तरी लागतील. नाही लागली. म्हाताऱ्या खांद्यांना तेवढा ताण सोसेना. मध्ये जागा उरली, एखादं माणूस मावेल एवढी. मागून कुणीतरी कुजबुजलं, "जरा पाऊल पुढे टाका ना, गवतच तर आहे." मिसेस टफलींनी मान वळवून असं पाहिलं, की पुन्हा कुणी बोललं नाही.

पाद्रीसाहेब कोपऱ्यावरून वाकून बघत होते. मी त्यांना मानेनंच सांगितलं, सुरू करा.

तेवढ्यात फाटक वाजलं. तू आलास. रविवारचा काळा कोट, आणि हातात गवत कापायची कात्री. सरळ येऊन कबरीच्या कडेला गुडघे टेकलेस, आमच्याकडे पाठ, आणि कात्री चालवायला लागलास. मिसेस टफली म्हणाल्या, "अमोस?" तू वर न बघता म्हणालास, "मी गवत कापायला आलोय. तुमचं काय ते चालू द्या."

आता तुला न दिसलेलं सांगतो. मिसेस टफलींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला त्यांचा एक हात दुसऱ्याच्या हातात अडकलेला. मोकळा होता तो दुसरा. तो त्यांनी डोळ्यांना लावला नाही. तुझ्या डाव्या खांद्यावर ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं, म्हणजे डोळे वटारलेच. मला इतका वेळ काय लागला, असं तू कालपासून मनात म्हणत असशील. मला भीती वाटत होती, तू झटकशील. मी उजव्या खांद्यावर हात ठेवला. तू कात्री थांबवली नाहीस, पण तुझा खांदा खाली गेला, जड ओझं उतरवल्यावर जातो तसा.

साखळीभर ही बातमी कशी गेली देव जाणे. मागच्या बाजूनं कुणालाच काही दिसत नव्हतं. पण हातातून हातात एक दाब आला, दक्षिणेला वळसा घालून परत माझ्या दुसऱ्या हातापर्यंत. लंडनवाल्या गृहस्थांनी पलीकडून मोठ्यानं विचारलं, "जोडलं गेलं का?" पाद्रीसाहेब धावतच कोपऱ्यावर आले. आम्हा तिघांकडे पाहिलं, तुझ्या कात्रीकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, हे धरायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा." त्यांनी टोपी काढली आणि गाणं सुरू केलं.

पुढे तीन पावलं कुणीच टाकली नाहीत. इथे आमच्या बाजूनं टाकता येईनात, म्हणून सगळी साखळी जागच्या जागीच उभी राहिली. मिठी अशी स्तब्ध झालेली मी जन्मात पाहिली नव्हती.

आज सकाळी मिस्टर लॅन्यन येऊन गेले. वरिष्ठांना त्यांनी कळवलं आहे, मार्लकोटची साखळी पूर्ण झाली. "खोटं नाही ना लिहिलंत?" मी विचारलं. म्हणाले, "मिस्टर पेगलर, एक माणूस गुडघ्यावर होता. चर्चमध्ये त्याला कधीपासून कमी धरतात?"

गाणं संपल्यावर तू म्हणालास, "हात काढ आता, अर्धं गवत राहिलंय." अकरा वर्षांनंतर माझ्याशी बोललेलं तुझं पहिलं वाक्य, आणि ते असं. मी काढला. तू कात्री झटकलीस आणि माझ्याकडे न बघता निघून गेलास. गावभर तू सांगत फिरशील, की चॅपेलचा माणूस चर्चच्या गाण्यात कशाला तोंड घालेल, मी आपला गवत कापत होतो. सांग. सगळे मान्य करतील, कारण तुझे ओठ कुणाला दिसले नाहीत.

पण माझा हात तुझ्या खांद्यावर होता, अमोस. दुसऱ्या कडव्यापासून तुझ्या पाठीत खालचा सूर घुमायला लागला, तो माझ्या तळहाताला शेवटपर्यंत लागत होता. कात्रीची पाती त्याच तालावर मिटत होती. मिसेस टफलींनाही कळलं असणार, पण त्या बोलणार नाहीत. मीही कुणाला बोललेलो नाही. ओढ्यापलीकडे तर अजिबात नाही.

तुझा,
हर्बर्ट